‘दूखस’ : सांगणाऱ्याच्या नावासह जपलेल्या आयर्लंडच्या गावोगावच्या दंतकथा

लोककथांची संकेतस्थळे आज पुष्कळ आहेत. परंतु कथा कोणी सांगितली, कोणत्या गावी सांगितली आणि ती कोणी लिहून घेतली, या तीन गोष्टी कथेपासून सुटू न देणारे संकेतस्थळ विरळाच. आयर्लंडचे ‘दूखस’ (duchas.ie) तसे आहे. तेथील खेड्यापाड्यांतील टेकड्या, विहिरी, तळी, पडके वाडे आणि माळावरची एकटी झाडे यांना चिकटलेल्या दंतकथा त्यावर मूळ हस्ताक्षरात वाचायला मिळतात. त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही आणि वाचण्यापुरती नावनोंदणीही करावी लागत नाही. पांझरेकाठच्या एका शाळेत मराठी शिकवत असताना मी हे संकेतस्थळ सातत्याने वापरत आलो आहे. खान्देशातील शिक्षकांनी, लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी आणि आपल्या गावाविषयी आस्था असलेल्या कोणीही ते एकदा निवांतपणे उघडून पाहावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे ज्या प्रकारचे काम अजून झालेले नाही ते करून ठेवल्यावर कसे दिसते, हे येथे समोरच पाहायला मिळते.

संकेतस्थळाचे मोल कळायचे तर त्यामागचा संग्रह कसा तयार झाला हे आधी सांगायला हवे. आयर्लंडमध्ये १९३५ साली लोकसाहित्य आयोग स्थापन झाला आणि जेम्स डेलार्गी हे त्याचे संचालक झाले. आयोगाकडे पैसा कमी आणि पूर्णवेळ संग्राहक त्याहून कमी होते. म्हणून शिक्षण खाते आणि शिक्षक संघटना यांच्या सहकार्याने १९३७ साली एक योजना आखली गेली. शॉन ओ सुलेवान यांनी शिक्षकांसाठी विषयवार प्रश्नांची पुस्तिका तयार केली. तिच्यात ५५ विषय होते : गावाजवळची भग्न स्थळे, पुरलेले धन, पवित्र विहिरी, जुनी दफनभूमी, दुष्काळाच्या आठवणी, लोहाराचा भाता, भाकरीचे प्रकार, पायांची निगा, हवामानाचे आडाखे, घरी केलेली खेळणी. वरच्या वर्गांतील मुलांना त्या वर्षापुरते निबंधलेखन माफ करण्यात आले आणि त्याऐवजी त्यांनी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना हे प्रश्न विचारावेत व ऐकलेले वहीत उतरवावे, असे ठरले. साधारण ११ ते १४ वर्षे वयाची सुमारे ५०,००० मुले, सुमारे ५,००० प्राथमिक शाळा आणि २६ परगणे एवढा या योजनेचा विस्तार होता. १९३९ पर्यंत जमलेली पाने सुमारे ७,४०,००० भरतात. त्यांपैकी २,८८,००० पाने मुलांच्या मूळ वह्यांची आहेत आणि उरलेली, निवडक मजकूर पुन्हा नीट उतरवून बांधलेल्या खंडांची. हा सारा ठेवा आता युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहात आहे, आणि डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी व आयर्लंडचे शासन यांच्या साहाय्याने तो ‘दूखस’वर आणला गेला आहे. आयोगाच्या १९३५ ते १९७० या काळातील संग्रहाची नोंद २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली.

एखादे पान उघडले की डावीकडे वहीच्या पानाचे छायाचित्र दिसते आणि त्याच्या शेजारी टंकलिखित मजकूर. निबच्या टाकाने लिहिलेली, उजवीकडे झुकलेली, समासापाशी येऊन दाटलेली अक्षरे. मध्येच शाईचा ठिपका. चुकलेल्या शब्दावर मारलेली सरळ रेघ आणि खाली शिक्षकांनी वेगळ्या वळणात केलेली दुरुस्ती. गोष्ट संपते तिथे मुलाचे नाव व गाव, आणि त्याखाली पुष्कळदा सांगणाऱ्याचे नाव, वय आणि पत्ता. ही शेवटची ओळ मला या संग्रहाचा प्राण वाटते. तिच्यामुळे ‘कोणे एके काळी’ची गोष्ट ‘अमक्या टेकडीखाली राहणाऱ्या, ८० वर्षांच्या अमक्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट’ होते, आणि वाचणाऱ्याला ती नकाशावर जाऊन शोधता येते. शोधाची सोयही त्याच बेताने केली आहे. परगणा, शाळा, विषय, व्यक्तीचे आडनाव किंवा मजकुरातील शब्द, यांपैकी कोणत्याही वाटेने आत शिरता येते, आणि स्थळनामे आयर्लंडच्या अधिकृत स्थळनाम कोशाशी जोडलेली असल्यामुळे एकाच नावाच्या दोन गावांत गोंधळ होत नाही.

सर्वांत समृद्ध दालन मातीच्या गोल गढ्यांचे आहे. आयर्लंडच्या कुरणांत वर्तुळाकार बांध आणि त्याभोवती खंदक असलेल्या जागा हजारोंनी आहेत. त्यांची संख्या ४५,००० च्या आसपास धरली जाते. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही बहुतांशी मध्ययुगाच्या आरंभकाळातील शेतकऱ्यांची तटबंद घरे होती. लोकांच्या दृष्टीने मात्र तेथे अदृश्य मंडळींची वस्ती असते. रात्री बांधाआडून वाद्यांचा आवाज येतो, दिवे फिरताना दिसतात. बांधावरचे काटेरी हॉथॉर्नचे झाड तोडणाऱ्याची गुरे मरतात, हात वाळतो किंवा तोंड वाकडे होते. गढी नांगरायला घेतलेल्या माणसाचा घोडा नांगराच्या दुसऱ्या सरीला बसतो आणि पुन्हा उठत नाही. गाव बदलले की शिक्षा थोडी बदलते, सांगण्याची खात्री मात्र बदलत नाही. या मंडळींना त्यांच्या नावाने हाक मारायची नाही, ‘भली माणसे’ म्हणायचे, हा संकेतही पानोपानी आढळतो. ही श्रद्धा वह्यांमध्येच राहिली असेही नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून येथे महामार्गाच्या कामात असे एक झाड जाणार होते, तेव्हा एडी लेनिहन या कथाकाराने ते वाचवण्यासाठी जाहीर आवाज उठवला आणि झाड ठेवून रस्ता पुढे नेला गेला. इतक्या गढ्या शेतांच्या मधोमध आजवर टिकल्या, त्यामागे हे भय हे एक मोठे कारण आहे, असे तेथील पुरातत्त्वज्ञही मानतात.

हे वाचताना आपल्या पांढरीच्या टेकाडांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तापी-गिरणेच्या खोऱ्यात जुनी वस्ती मोडून झालेली अशी टेकाडे पुष्कळ आहेत. प्रकाशे, बहाळ आणि सावळदे या गावांची नावे उत्खननांमुळे इतिहासाच्या पुस्तकांत गेली, आणि सावळद्याचे नाव तर एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच मिळाले. पण बाकीच्या टेकाडांच्या नशिबी वेगळेच आले. धाब्याच्या घरांवर घालायला पांढरी, खारी माती लागे, आणि ती गाडीगाडीने याच टेकाडांमधून आणली गेली. माती खणताना निघालेली रंगीत खापरे आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मुलांनी खेळायला नेले. आपल्याकडे टेकाडाविषयी कथा नव्हत्या असे नाही. गाव उलथे झाल्याच्या, एका रात्रीत पालथे पडल्याच्या गोष्टी आमच्या भागात म्हातारी माणसे सांगत. त्या कथांनी कुदळ थांबवली नाही, आणि टेकाड सपाट झाल्यावर कथेला टेकायला जागाच राहिली नाही.

पुरलेल्या धनाच्या गोष्टी मी एका बैठकीत भराभर वाचून संपवल्या, कारण त्या एकमेकींसारख्या आहेत : तीन रात्री तेच स्वप्न, अमक्या झाडाखाली सोन्याचा हंडा, राखणीला काळा कुत्रा किंवा बैल, आणि खणणाऱ्याने बोलू नये ही अट मोडताच सारे नाहीसे होणे. आपल्याकडे राखणीला नाग असतो आणि हंडे साखळीचा आवाज करीत जमिनीखालून चालत जातात, एवढाच काय तो फरक.

ज्यांना मोठ्या, नामांकित दंतकथा हव्या आहेत त्यांनी लिमरिक परगण्यातील लॉक गर या तळ्यापासून आरंभ करावा. डेसमंडचा तिसरा अर्ल जेराल्ड हा खरा ऐतिहासिक पुरुष. तो आयरिश भाषेत कविता करणारा सरदार होता आणि १३९८ साली वारला. लोक मात्र म्हणतात की तो मेला नाही. तळ्याच्या तळाशी आहे, दर सात वर्षांनी चांदीचे नाल ठोकलेल्या घोड्यावर बसून पाण्यावरून फेरी मारतो, आणि ते नाल झिजून संपले की तो कायमचा परत येईल. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या अस्तंबा शिखराची यात्रा दिवाळीत भरते, आणि महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातील आदिवासी भाविक रात्रीचा डोंगर चढून जातात. त्याच डोंगरात अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन फिरतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो, असे आपण लहानपणापासून ऐकले आहे. आशीरगडावरही तोच येतो म्हणतात. एकाला परत येण्याची आशा आहे आणि दुसऱ्याला न संपणाऱ्या जगण्याचा शाप, हा दोन्हींमधला भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या समाजाने आपली सत्ता गमावली त्याने आपला सरदार तळ्यात जिवंत ठेवला. आपल्या डोंगराने मात्र अपराध्याला वेदनेसह सांभाळले आणि त्याच्यासाठी तेलही ठेवले.

स्लायगो परगण्यातील नॉकनरे डोंगराचीही अशीच मोठी ख्याती आहे. ३२७ मीटर उंचीच्या त्या डोंगरमाथ्यावर सुमारे १० मीटर उंच आणि ५५ मीटर रुंद दगडांची रास आहे. तिच्याखाली जुन्या आयरिश कथांतील कॉनाक्ट प्रांताची राणी मेव्ह हातात शस्त्र घेऊन, उत्तरेकडच्या आपल्या अल्स्टरच्या शत्रूंकडे तोंड करून उभीच पुरलेली आहे, असे सांगतात. त्या राशीचे उत्खनन झालेले नाही, पण आजूबाजूच्या स्थळांवरून ती सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे मेव्हच्या कथांपेक्षा कितीतरी जुनी समजली जाते. आधी दगड होते, राणी मागून आली. आपल्याकडे प्रत्येक जुन्या लेण्याला पांडवांचे नाव मिळते, एरंडोल एकचक्रा नगरी ठरते आणि पद्मालयाजवळच्या कुंडाला भीमाचे नाव लाभते, ते याच रीतीने. अशा ठिकाणी ‘खोटे आहे’ म्हणून कथा झटकून टाकणे जितके चुकीचे, तितकेच तिला पुरावा म्हणून पुढे करणेही चुकीचे आहे. दूखसची मांडणी या बाबतीत आदर्श आहे, कारण ती सांगणाऱ्याचे म्हणणे सांगणाऱ्याचे म्हणूनच ठेवते. ते खरे की खोटे याचा निवाडा पानावर कोठेही केलेला नाही.

पवित्र विहिरींची पाने वाचताना खान्देशी वाचकाला परकेपणा वाटणार नाही. आयर्लंडमध्ये अशा विहिरी सुमारे ३,००० आहेत. संताच्या दिवशी तेथे जायचे, सूर्याच्या दिशेने प्रदक्षिणा घालायच्या, पाणी डोळ्यांना किंवा चामखिळीला लावायचे आणि शेजारच्या झाडाला चिंधी बांधून यायचे, ही रीत मुलांनी अगदी बारकाईने लिहिली आहे. विहिरीत कोणी कपडे धुतले तर ती रुसून दुसऱ्या शेतात निघून जाते, ही कथा तर अनेक परगण्यांत आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवाच्या गरम पाण्याविषयी आपण हेच सांगतो : शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारला आणि गोमुखातून ऊन पाणी वाहू लागले, आजही त्वचेच्या आजारासाठी लोक तेथे स्नानाला जातात.

दुष्काळाच्या पानांविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. बटाट्याचे पीक करपून १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये जो महादुष्काळ पडला त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १९३७ साली वही हातात घेतलेल्या मुलांना हे सांगणारी माणसे त्या दुष्काळातून जगलेल्यांची मुले आणि नातवंडे होती. म्हणून या पानांवर आकडे नाहीत. कोणत्या वळणावर लापशीची कढई मांडली होती, कोणते घर रिकामे झाले, कोणत्या शेताच्या कोपऱ्यात शवपेटीवाचून किती जणांना पुरले, हे आहे. आमच्या तालुक्यात बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, मदतीतली सुकडी आणि मिलो नावाची ज्वारी खाल्लेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. कोणता रस्ता, कोणता पाझर तलाव त्यांच्या हातांनी झाला, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या त्यांच्या नातवंडांना ठाऊक नाही. आयर्लंडने हे काम केले तेव्हा त्यांच्याही हाती थोडाच वेळ उरला होता.

या सेवेच्या मर्यादा वाचकाने जाणून घ्याव्यात. योजना २६ परगण्यांपुरती होती, त्यामुळे उत्तर आयर्लंडचे सहा परगणे शाळांच्या संग्रहात नाहीत. जायंट्स कॉजवेचे सुमारे ४०,००० बेसाल्टचे खांब फिन मॅककूल या महाबलीने समुद्रापार जाण्यासाठी रचले, ही कथा ज्या अँट्रिम परगण्याची, तोच येथे वगळला गेला आहे. अजिंठ्याच्या काळ्या पाषाणाजवळ राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही उणीव विशेष जाणवते. काही परगण्यांतील पाने आयरिश भाषेत आहेत, त्यांचा इंग्रजी अनुवाद सोबत नसतो, आणि संकेतस्थळाचा वापर आयरिश किंवा इंग्रजीतूनच करावा लागतो. मजकूर मुलांनी लिहिलेला आणि शिक्षकांनी पाहिलेला असल्यामुळे मोठ्यांच्या बैठकीतल्या उघड्यावाघड्या गोष्टी त्यात आल्या नाहीत, हेही उघड आहे. माझा सर्वांत मोठा आक्षेप भटक्या लोकांविषयीच्या पानांबद्दल आहे. त्या विषयावर मुलांनी मनापासून लिहिले, पण ते सारे स्थिर घरांच्या दारातून पाहिलेले आहे. भटक्यांनी स्वतःविषयी सांगितलेले फारसे काही नाही. खान्देशात असे काम उभे राहील तेव्हा भिल्ल, पावरा, पारधी यांच्या कथा त्यांच्याच मुलांनी, त्यांच्याच बोलीत लिहिल्या पाहिजेत. दुसऱ्या कोणी त्यांच्याविषयी लिहिलेले त्या जागी चालणार नाही.

टंकलेखनाचे बरेचसे काम स्वयंसेवक करतात. नावनोंदणी करून कोणीही एखादे पान घ्यावे, छायाचित्र पाहून मजकूर उतरवावा आणि तो इतरांसाठी खुला करावा, अशी सोय आहे. पेरणीच्या दिवसांत सावडीने एकमेकांचे शेत उरकावे तसे हे चालते. उतरवताना मुलांची चुकीची वर्णलेखने तशीच ठेवली जातात. मला हे फार योग्य वाटले, कारण बोलीचा उच्चार त्या चुकांमध्येच राहिलेला असतो.

हे पाहून आमच्या शाळेत आठवीच्या मुलांना मी तीन विषय दिले : गावाजवळचे डोह आणि विहिरी, जुने वाडे, आणि दुष्काळ. सूचना एवढीच होती की सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गल्ली लिहायची, आणि आजी अहिराणीत बोलली तर तिचे मराठी करायचे नाही. एका मुलीने नदीतल्या डोहाची गोष्ट आणली. पूर्वी लग्नघरातून डोहाच्या काठी सुपारी ठेवली की सकाळी स्वयंपाकाची भांडी काठावर मिळत. एका घराने पराती परत केल्या नाहीत आणि तेव्हापासून भांडी मिळेनाशी झाली. ही गोष्ट महाराष्ट्रात अनेक डोहांना चिकटलेली आहे. पण मुलीने आजीचे वाक्य जसेच्या तसे लिहिले होते : ‘पोरी, तठे एकली जाऊ नको, तठे आसरा शेतस.’ (तिथे एकटी जाऊ नकोस, तिथे आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, आहेत.) त्याच्याखाली आजीचे नाव, वय ७६, आणि पाण्याच्या टाकीमागची गल्ली. तो डोह आता वाळूच्या उपशाने बुजत चालला आहे, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना तो कोठे आहे हेच माहीत नव्हते. पुढच्या शनिवारी त्यांना तेथे नेऊन जागा दाखवावी लागली. वह्या शाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र गावाच्या नावाने वेगळे जपले आहे.

वापरणाऱ्यांसाठी चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. मोबाइलवर संकेतस्थळ उघडते, पण हस्ताक्षर वाचायचे असेल तर मोठा पडदा बरा. सुरुवातीला शब्द टाकून शोधण्यापेक्षा विषयांच्या यादीतून पवित्र विहिरी किंवा गढ्या निवडाव्यात आणि क्लेअर, स्लायगो, रॉसकॉमन यांपैकी एका परगण्यावर थांबावे. सगळा देश एकदम उघडला तर निकालांची संख्या पाहूनच वाचक दमतो. इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या मुलांना टंकलिखित मजकूर छापून द्यावा, मूळ पान मात्र सोबत अवश्य दाखवावे, कारण आपल्याच वयाच्या मुलाचे अक्षर पाहून त्यांना लिहावेसे वाटते. बिगरव्यावसायिक वापरासाठी श्रेय देऊन मजकूर वापरण्याची मुभा आहे, म्हणून वर्गात वाटलेल्या प्रत्येक कागदावर संग्रहाचे, मुलाचे आणि सांगणाऱ्याचे नाव ठेवावे.